शिरस्तेदारांच्या दुखण्याचा पुरावा

माझे सासरे बोलायचे थांबले ते दसऱ्याला. सोनं वाटून घरी आले, पागोटं खुंटीला अडकवलं, खाटेवर बसले आणि भिंतीकडं तोंड करून जे आडवे झाले ते झालेच. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, थकले असतील. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, रागावले असतील. रागावणं त्या घराला नवीन नव्हतं, त्यामुळं तिसऱ्या दिवसापर्यंत कुणी घाबरलं नाही. चौथ्या दिवशी आमटीत मीठ पडायचं राहिलं आणि तरीही ते काही बोलले नाहीत, तेव्हा मात्र सासूबाईंनी आमच्याकडं निरोप धाडला.

सासरे सोलापूरच्या कोर्टात शिरस्तेदार होते. जज्जसाहेब येत आणि बदलून जात, शिरस्तेदार तिथंच. कोणता कागद कुठल्या दप्तरात बांधलाय हे त्यांना तोंडपाठ असे, आणि साक्षीदार पिंजऱ्याच्या पायऱ्या चढतानाच तो खरं सांगायला आलाय की पढवून आणलाय हे ते ओळखत, असं वकील मंडळी म्हणत. घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे, मीही म्हणायचो. त्या पावसाळ्यात ते पेन्शनीत निघाले. निरोपाला हार झाले, फोटो झाला, पेढे झाले. त्यानंतरही रोज साडेदहाला ते कोट घालून तयार होत, ओट्यापर्यंत जात आणि परत येऊन कोट काढून ठेवत. दसऱ्यानंतर कोट खुंटीवरून निघेना.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. पुण्याला बी.एस्सी. करून सोलापुरातल्याच हायस्कुलात सायन्स शिकवायला लागलो होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत एक तराजू होता, त्याची दोन वजनं हरवलेली होती, आणि चुंबक होता तो पडून पडून कशालाच चिकटत नव्हता. शास्त्रावर माझी श्रद्धा मात्र अशी, की जगात मोजून सुटत नाही असा प्रश्नच नाही असं मी वर्गात छातीठोक सांगत असे.

आम्ही दोघं गेलो तेव्हा नाना तसेच पडून होते. दाढी वाढलेली, डोळे उघडे, नजर भिंतीच्या पोपड्यांवर. मी हाक मारली. उत्तर नाही. माझी बायको, म्हणजे त्यांची थोरली लेक, जवळ बसून पाय चेपायला लागली आणि मुकाट्यानं डोळे पुसायला लागली. सासूबाई दाराआडून तिला म्हणाल्या, "जावईबापूंना म्हणावं, तुम्ही शास्त्र शिकलाय. काय करायचं ते आता तुम्हीच ठरवा."

आणि माझ्यापुढं शिऱ्याची बशी आली. जावई आला की शिरा, असा त्या घरचा नियम होता, मग घरात कुणी आजारी असो की अंथरुणाला खिळलेलं असो. सासऱ्यांच्या पाठीशी बसून मी तो शिरा खाल्ला. बेदाणे चावतानाचा आवाजसुद्धा मला अपराधासारखा वाटत होता.

काय करायचं ते मी ठरवण्याआधीच पुष्कळांनी ठरवलं होतं. जो समाचाराला येई तो येताना एक उपाय आणि त्या उपायाचा एक पुरावा घेऊन येई. केमच्या स्टेशनावर एक तारमास्तर होता, त्याचा मेव्हणा अगदी असाच पडला होता, गाढविणीच्या दुधानं उठला. दक्षिण कसब्यात एक बाई होत्या, त्यांच्या तळपायाला कांदा चोळला. कुणा वकिलाच्या भावाला नदीकाठी नेऊन ठेवलं तर तो कविताच करायला लागला. हा शेवटचा उपाय म्हणून सांगितला होता की इशारा म्हणून, ते कळलं नाही.

या गर्दीतून तीन उपाय टिकले. पहिला आमच्या पेठेतल्या वैद्यबुवांचा. त्यांनी नाडी पाहून डोक्यात वात चढलाय असं निदान केलं आणि ब्राह्मीचं तेल दिलं. दुसरा डॉक्टरांचा. डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, चाळिशीच्या आतले, बोलायला मोजके. त्यांनी नर्व्हजचा अशक्तपणा आहे म्हणून ब्रोमाइडचं मिक्श्चर दिलं. तिसरा उपाय नानांच्या विधवा बहिणीचा. आत्याबाई नातेपुत्याहून मुद्दाम आल्या होत्या आणि येतानाच ठरवून आल्या होत्या की हे बाहेरचं आहे. अक्कलकोटकडचा एक देवऋषी त्यांच्या माहितीतला. त्यानं अंगारा दिला, लिंबू उतरवलं आणि पुढच्या अमावास्येला येतो म्हणून गेला.

तिन्ही उपाय एकदमच सुरू झाले. डोक्याला तेल, पोटात ब्रोमाइड, कपाळाला अंगारा. अंगारा तेलात ओघळून भुवयांवर येई, आणि नाना भिंतीकडं तोंड करून त्या काळ्या भुवयांनी पोपडे पाहत राहत.

दिवाळीच्या आधी एका रविवारी नानांनी अर्धी भाकरी खाल्ली. त्याआधी आठ दिवस ते चतकोरावर होते. संध्याकाळी वैद्यबुवा आले आणि म्हणाले, "तेल मुरायला लागलं." डॉक्टर आले, म्हणाले, "मिक्श्चर लागू पडतंय असं दिसतं." आत्याबाई त्या दोघांकडं कीव केल्यासारखं पाहून म्हणाल्या, "तुमचं काय असेल ते असो. अंगारा लावला तेव्हा मी तिथं होते."

मला संधी दिसली. मी सगळ्यांना बसवून सांगितलं, की तिन्ही उपाय एकदम चालू असताना गुण कशाचा हे देवालासुद्धा सांगता येणार नाही. म्हणून पंधरा दिवस फक्त तेल, मग पंधरा दिवस फक्त मिक्श्चर, मग पंधरा दिवस फक्त अंगारा, आणि शेवटी पंधरा दिवस काहीच नाही.

"काहीच नाही?" आत्याबाई म्हणाल्या. "म्हणजे माणसाला तसंच टाकून द्यायचं?"

"टाकून नाही हो आत्या, पाहायचं. काहीच केलं नाही तर काय होतं ते कळल्याशिवाय केल्यानं काय झालं ते कसं कळणार?"

"आमच्याकडं काहीच केलं नाही तर माणूस मरतो," आत्याबाई म्हणाल्या. "एवढं कळायला पुण्याला जावं लागत नाही."

वैद्यबुवांना माझी कल्पना पसंत पडली, कारण पहिला नंबर त्यांचा होता. डॉक्टर म्हणाले, "करा. पण वजन उतरत गेलं तर मी थांबणार नाही." मी शाळेतून एक कोरी वही आणली. पोरांकडून प्रयोग लिहून घेतो तशी ती आखली. वरती उद्देश, मग साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. साहित्याच्या रकान्यात मी सवयीनं लिहून गेलो, 'सासरे, नग एक'. बायकोनं ते वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मोजायचं काय? झोप किती तास, भाकरी किती, शब्द किती. शब्दांच्या रकान्यात रोज भोपळा. झोपेचं सासूबाई सांगत. भाकरीवरून मात्र तंटे झाले. वैद्यबुवांच्या पंधरवड्यात ते जेवणाच्या वेळी हटकून येत आणि ताटातला उरलेला तुकडा उचलून म्हणत, "हा काय, नखाएवढा तर उरलाय. अर्धी धरा." डॉक्टरांच्या पंधरवड्यातही वैद्यबुवा येत आणि तेवढाच तुकडा उचलून म्हणत, "केवढा टाकलाय पाहा! चतकोर लिहा." शेवटी सासूबाईंनी सगळ्या भाकऱ्या एका ताटलीच्या मापानं थापायला सुरुवात केली. कडक भाकरीचं बरं असतं, तुकडा मोडला की मोडला.

माझी शाळा असल्यानं जेवणाच्या वेळी मला रोज जाता येत नसे. मी रविवारी जाई. आठवड्याची टिपणं आत्याबाईंच्या तोंडून उतरवून घेई आणि रविवारचं स्वतः पाहून लिही. दीड महिन्यात मला वहीत एक नियम दिसायला लागला. औषध कुठलंही असो, रविवारी नाना जास्त खात. सोमवारी पुन्हा खाली. मी दोन रात्री विचार केला. भोंगा हे कारण असावं असं मला वाटलं. रविवारी गिरणीचा भोंगा वाजत नाही, कानांना शांतता मिळते, नर्व्हजना आराम पडतो. मी त्यावर डॉक्टरांशी बोलायचंही ठरवलं.

बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, रविवारी तुम्ही येता."

"मग?"

"मग शिरा होतो. नानांना पहिल्यापासून आवडतो. तुमच्या बशीतला झाला की आई उरलेला त्यांना देते. तेवढ्यानं तोंडाला चव येते आणि भाकरी जास्त जाते."

दीड महिन्याची माझी निरीक्षणं शिऱ्यानं धुऊन नेली. शिवाय आठवड्याच्या सहा दिवसांचं मला जे कळत होतं ते आत्याबाईंकडून, आणि त्यांनी सांगितलेली भाकरी अंगाऱ्याच्या पंधरवड्यात रोजच मोठी होती. तरी मी वही बंद केली नाही. शेवटचा पंधरवडा, काहीच नसलेला, तेवढा शुद्ध मिळेल अशी आशा होती.

तो पंधरवडा संक्रांतीत आला. गड्ड्याची जत्रा भरली होती. तळ्याकडून येणारा पाळण्यांचा आणि पिपाण्यांचा आवाज आमच्या सासुरवाडीच्या ओट्यापर्यंत ऐकू येई. नाना वाळले होते. गालफडं आत गेली होती. डॉक्टरांनी त्यांना उचलून काट्यावर बसवून वजन पाहिलं आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, "मास्तर, तुमचा प्रयोग पुरे. मला त्यांच्या जिवाची काळजी वाटते. पुण्याकडं मानसिक रोग्यांचं इस्पितळ आहे. तिथं चोवीस तास माणूस असतो. इथं कुणी किती पुरणार?"

पुण्याचं नाव काढल्यावर घरात रडारड झाली. रविवारी सकाळी सगळे जमले. वैद्यबुवा, डॉक्टर, आत्याबाई, आम्ही दोघं, दाराआड सासूबाई. नाना खाटेवर, भिंतीकडं तोंड. आम्ही ते ऐकत नाहीत असं धरूनच बोलत होतो. आज मला याची लाज वाटते, पण तेव्हा सगळं घर तसंच वागत होतं.

डॉक्टरांनी पुण्याचं कारण सांगितलं. वैद्यबुवा म्हणाले, माझं तेल आणखी पंधरा दिवस द्या. मग आत्याबाई उठल्या. "पुण्याला गेलेला माणूस परत येत नाही. आमच्या नातेपुत्यात शेजारीण आहे, तिच्या जावेनं सांगितलंय. त्या जावेच्या भावाला एका माणसानं सांगितलं, तो सोलापुरात बाजाराला आला होता तेव्हा त्यानं ऐकलं, की एकाला तिकडं नेला आणि..."

"ग्राह्य नाही."

आवाज कुणाचा हे क्षणभर कुणाला कळलं नाही. घोगरा, पाण्याखालून आल्यासारखा. आत्याबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी डॉक्टरांकडं. डॉक्टर खाटेकडं.

नाना अजून भिंतीकडंच पाहत होते. "ऐकीव आहे," ते सावकाश म्हणाले. "साक्षीदार कुठंय?"

सासूबाईंच्या हातातलं तिळाचं ताट खाली पडलं आणि तीळ सगळ्या खोलीभर झाले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या जावयासमोर दाराआडून पुढं आल्या, नानांच्या खाटेपाशी खाली बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "चहा टाकू का?"

"टाका," नाना म्हणाले.

मग काय झालं ते सांगताना मला आजही हसू येतं. वैद्यबुवा म्हणाले, "तेल मुरायला वेळ लागतोच!" आत्याबाई म्हणाल्या, "अंगारा अंगात राहतो, पुसला तरी." आणि मी, बी.एस्सी., सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो, "पंधरवडा काहीच नसल्याचा आहे! काहीच न केल्याचा गुण आला!"

चहाचं आधण ठेवता ठेवता सासूबाई तिथूनच म्हणाल्या, "काहीच नाही असं नाही बाई. अंगाऱ्याची पुडी मी उशीखाली ठेवली होती. देवऋषी देऊन गेला तेव्हापासूनच आहे."

"आणि मी," आत्याबाई पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "दुधात ब्राह्मीची पूड घालत होते. वैद्यबुवा म्हणाले होते थोडी घाला म्हणून."

माझ्या वहीत आता एकही पंधरवडा असा उरला नव्हता, ज्यात ठरलं होतं तेवढंच दिलं गेलं होतं.

नाना त्या दिवशी आणखी काही बोलले नाहीत. एकदम उठून बसले, नीट झाले, असं मुळीच घडलं नाही. पण रोज एक-दोन वाक्यं यायला लागली, आणि ती बहुतेक प्रश्नच असत. पुण्याला न्यायचं की नाही हे ठरायचंच होतं. नाना म्हणाले, "माझ्याबद्दल ठरतंय. मला विचारायचंय." डॉक्टरांनी आठवड्याची मुदत दिली.

पहिल्यांदा वैद्यबुवांना विचारलं. नाना उशीला टेकून बसले होते, पापण्या जड.

"हे तेल किती जणांना दिलंत?"

"शेकडो जणांना, शिरस्तेदारसाहेब."

"बरे किती झाले?"

"सगळेच की."

"सगळे पुन्हा येऊन सांगून गेले?"

"बरे झालेले येतात सांगायला. बाकीचे येत नाहीत."

"बाकीचे?" नाना म्हणाले. "म्हणजे बाकीचे आहेत."

वैद्यबुवांनी हात उडवले. "आता न आलेल्यांचं मी काय सांगणार? एखादा बरा झाला म्हणून आला नसेल, एखादा दुसऱ्याकडं गेला असेल, एखादा..." त्यांनी आकाशाकडं बोट केलं.

"ठीक," नाना म्हणाले आणि डोळे मिटले.

डॉक्टरांनी ब्रोमाइडचा पुरावा म्हणून बाटलीबरोबर आलेलं छापील पत्रक आणलं. नानांनी ते मला वाचायला लावलं. त्यात औषधाची स्तुती होती.

"हे छापलं कुणी?"

"औषध करणाऱ्या कंपनीनं."

"मग हे फिर्यादीचंच म्हणणं झालं. तुम्ही स्वतः काय पाहिलंत?"

डॉक्टर जरा हसले. खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "नाना, खरं सांगू? या औषधानं झोप येते, हे मी पुष्कळ वेळा पाहिलंय. जास्त झालं तर माणूस झिंगल्यासारखा राहतो, तेही पाहिलंय. त्यानं उदासी जाते असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. काही जण उठतात. पण काही जण आपणहूनही उठतात. माझ्याकडं यायला लोक उशीर करतात, त्यामुळं आपणहून उठणारे मला दिसतच नाहीत."

"आणि पुणं?"

"पुण्यानं बरे व्हाल असं मी म्हणत नाही. तिथं तुम्हाला उपाशी मरू देणार नाहीत, एवढंच म्हणतो."

नानांनी मान डोलावली. मग सासूबाईंना म्हणाले, "यांना चहा द्या."

देवऋषी गड्ड्यासाठी शहरात आलाच होता. आत्याबाई त्याला मोठ्या विश्वासानं घेऊन आल्या. काळा, उंच माणूस, खांद्यावर घोंगडी, बोलण्यात अर्धं कन्नड. तो उंबऱ्याशीच बसला. नानांनी त्यालाही तेच विचारलं. मला वाटलं, आता हा हजारो सांगणार. तर त्यानं बोटं मोजायला सुरुवात केली.

"असल्या मुक्या दुकन्याची धा मानसं बघितलो मी," तो म्हणाला. "चार बरं झाली. चार तशीच हायत, अजून जातो मी त्यांच्याकडं. एक घर सोडून गेला. एक हिरीत पडला, हौदु, व्हय, माजा अंगारा अंगावर असतानाच पडला. ते इसरलो न्हाई मी."

"मग बरे झाले ते कशानं?"

"मला काय म्हायती? लोकं बलवत्यात, मी येतो. बसतो. घरच्यांना धीर येतो. देवाचं देवाला म्हायती की."

आत्याबाईंचं तोंड एवढंसं झालं. पण नाना, जे वैद्यबुवांचं ऐकताना डोळे मिटून होते, ते देवऋषी बोलत असताना सरळ बसले होते. तो गेल्यावर मला म्हणाले, "जावईबापू, बरे न झालेले मोजणारा हा एकच निघाला."

त्यानंतर माझी पाळी. नानांनी वही मागितली. 'नग एक' लिहिलेलं ते पान मी आधीच फाडून टाकलं होतं. त्यांनी दोन दिवस वही वाचली. मी शाळेतून आलो की माहेरी जाऊन आलेल्या बायकोला विचारत असे, नानांनी काही म्हटलं का? माझी परीक्षा चालली होती आणि परीक्षक खाटेवर आडवा होता.

"रविवारी मी जास्त खातो असं दिसतं," ते म्हणाले.

"ते शिऱ्यामुळं, नाना."

"हं. आणि यात माझी साक्ष कुठाय?"

मी वहीची पानं उलटायला लागलो.

"माझी भाकरी मोजलीत. झोप मोजलीत, तीही तुमच्या सासूबाईंना विचारून. मला काय होतंय ते मला कुणी विचारलंय का?"

"आपण बोलत नव्हता, नाना."

"बोलत नव्हतो. ऐकत होतो."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सासूबाई आत होत्या. मी वही मिटली आणि विचारलं, "काय होतंय, नाना?"

त्यांना वेळ लागला. मी थांबलो, आणि तसं थांबणं मला शाळेत कधी जमलं नव्हतं. मग ते म्हणाले, "शब्द मनात यायचा. पण विजापूरहून निघालेल्या उतारूची होटगीला बदलायची गाडी चुकावी तसं व्हायचं. तोंडापर्यंत पोचायचाच नाही. आणि उठायचं म्हणजे विहिरीतनं घागर काढायची नाही, विहीरच ओढून काढायची. कशाचं दुःख म्हणाल तर कशाचंच नाही. लोक समजत होते कोर्ट सुटल्याचं दुःख. असेल थोडं. पण कोर्टात असतानाही एकदा आलं होतं, तुमच्या कुटुंबाच्या, म्हणजे आमच्या थोरलीच्या जन्माआधी. पंधरा-वीस दिवस. रजेवर होतो, ताप म्हणून सांगितलं."

ते सासूबाईंनाही माहीत नव्हतं. त्यांनाही तापच सांगितला होता.

ठरलं ते नानांनी ठरवलं, डॉक्टरांशी बोलून. ब्रोमाइड थोडं, झोपेपुरतं, आणि झोप सुधारली की बंद. तेल चालू, कारण डोक्याला गार वाटतं. "यापलीकडं त्याचा दावा मला मान्य नाही," असं त्यांनी वैद्यबुवांना तोंडावर सांगितलं. अंगारा आत्याबाईंच्या समाधानासाठी उशीखाली. पुण्याला आत्ता जायचं नाही, पण दर आठवड्याला वजन पाहायचं, आणि आणखी उतरलं तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. डॉक्टरांनी हे कागदावर लिहून घेतलं. नानांनी सही करण्याआधी त्यातल्या दोन चुका दुरुस्त केल्या.

शाळा सुटल्यावर मी त्यांना तळ्याकडं फिरायला नेऊ लागलो. आधी ओट्यापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग तळ्यापर्यंत. एकदा मी त्यांना म्हणालो, "वैद्यबुवांना तुम्ही विचारलंत ते निम्मंच होतं, नाना. ज्यांनी तेल लावलंच नाही त्यांचं काय झालं, तेही विचारायला हवं."

"जो कोर्टात आलाच नाही त्याचा विचार आम्हाला करता येत नाही."

"आमच्याकडं त्याचाच करावा लागतो."

ते पाच-पन्नास पावलं गप्प चालले. मी घाबरलो, पुन्हा गप्प झाले की काय. मग म्हणाले, "मग तुमचं काम आमच्याहून अवघड आहे. तरी वहीत शिरा लिहायचा राहिला तुमचा."

होळीपर्यंत ते दाढी करू लागले. पाडव्याला आमटीवरून सासूबाईंना बोलले. सासूबाईंनी ते शेजारपाजारी आनंदानं सांगितलं.

पुढं एक उपद्रव सुरू झाला. वैद्यबुवा आपल्या दुकानात शिरस्तेदारांचं उदाहरण देऊ लागले. आत्याबाईंनी नातेपुत्यात अंगाऱ्याचं सांगितलं. लोक नानांकडं यायला लागले. ओट्यावर बसून विचारायचे, "नाना, कशानं बरे झालात?"

"माहीत नाही," नाना म्हणायचे.

"असं कसं? काहीतरी लागू पडलंच असेल."

"असेल. किंवा नसेल. पुष्कळ काही एकदम चालू होतं. शिवाय वेळही गेला."

लोक नाराज होऊन उठायचे. एवढ्या लांबून यायचं आणि माणूस माहीत नाही म्हणतो! मग ते शेजारी वैद्यबुवांकडं जायचे, तिथं त्यांना नक्की काय ते कळायचं. एकदा नाना स्वतः वैद्यबुवांच्या दुकानात गेले आणि बाकड्यावर बसलेल्या चार रोग्यांसमोर म्हणाले, "माझं नाव साक्षीदारांतून काढा." वैद्यबुवांनी हात जोडले, काढतो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून ते म्हणायला लागले, "एक फार मोठे कोर्टातले गृहस्थ, नाव सांगता येत नाही..." नाव नसल्यानं उदाहरणाचा भाव वाढला.

तीन वर्षांनी दुखणं पुन्हा आलं. या खेपेला नानांनी आधी सांगितलं. मी ओट्यावर चपला काढत होतो, तेवढ्यात म्हणाले, "जावईबापू, परत येतंय असं वाटतं." तेच तेल लावलं, तेच मिक्श्चर दिलं, फिरायला नेलं, शिरा रोज केला. गुण नाही. पहिल्यापेक्षा दोन महिने जास्त लागले. मधे एकदा तर पुण्याची तिकिटं काढायची म्हणून डॉक्टरांनी चिठ्ठीही लिहून ठेवली होती. पण या वेळी घर तेवढं घाबरलं नव्हतं. सासूबाई दाराआड राहिल्या नाहीत. दुपारी खाटेपाशी बसून त्या भाजी निवडत आणि गल्लीत काय झालं ते सांगत, उत्तराची वाट न पाहता. माझी बायको रोज एकदा विचारत असे, "आज कसंय?" आणि नाना बोटानं उंची दाखवत, इतकं, किंवा इतकं. ते बोट मी वहीत लिहीत असे. त्या वहीतला तेवढाच रकाना आजही मला खरा वाटतो.

एका सकाळी बोट थोडं वर गेलं, दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. श्रावणात ते बाहेर येऊन बसले. त्या दिवशी गवळी दूध घालायला आला होता. त्यानं नानांना पाहिलं, चरवी खाली ठेवली आणि कमरेवर हात ठेवून सासूबाईंना म्हणाला, "बगा वैनी, म्हनलं न्हवतं? महिन्यामागं नवी म्हस आनली मी. तिचंच दूद तुमाला घालतुय. लई गुनाची म्हस हाय. तिच्या दुदानंच उठलं की नाना."

मी नानांकडं पाहिलं. मला वाटलं, आता याची धडगत नाही. त्यांनी त्याचं सगळं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, म्हैस कुठून आणली, किती वेताची, काय खाते तेही विचारलं, आणि सासूबाईंना म्हणाले, "उद्यापासून अर्धा शेर जास्त घ्या. दूध चांगलं आहे."